दर सोमवारी गिअर चढत नाही: ऑटोमॅटिक गाडीला ‘सवय’ लागते म्हणजे नेमकं काय

लक्षण आधी सांगतो, म्हणजे ज्याच्या गाडीचं हेच दुखणं आहे त्याला पुढे वाचायचं की नाही ते लगेच कळेल.

गाडी पेट्रोल, सहा गिअरची टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक (इंजिनचा जोर तेलातून गिअरबॉक्सकडे नेणारी), पाच वर्षं वापरातली. आठवड्याच्या उत्तरार्धात गुपचूप चालते. सोमवारी सकाळी मात्र साताऱ्यातल्या गोडोलीतून निघून कराडच्या दिशेने हायवेला लागलो की रुसते. ६० च्या वेगाला पाचवा गिअर पडायला हवा, तिथे चौथ्यातच घोंगावत राहते. आरपीएमचा (इंजिनच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांचा) काटा एरवी १७०० च्या आसपास असतो, तो २३०० ला. पाय उचलला तरी वरचा गिअर घेत नाही. वेग जरा कमी झाला की लगेच खालचा गिअर टाकते आणि इंजिन ओरडतं. गाडीला वाटतंय की समोर यवतेश्वरचा घाट आहे, आणि समोर असतो सपाट रस्ता नि उसाची ट्रॉली. बुधवार-गुरुवारपर्यंत हे आपोआप निवळतं. पुढच्या सोमवारी परत पहिले पाढे पंचावन्न.

डॅशबोर्डवर दिवा नाही. स्कॅनर लावला तर एकही फॉल्ट कोड नाही.

आता सोमवारच का? रविवारी गाडी मुलाकडे असते. पावसाळ्यात त्याची नि मित्रांची कासच्या रस्त्याला फेरी ठरलेली. तेव्हा घरात निकाल आधीच लागला होता. सर्व्हिस सेंटरमधल्या सल्लागारानेही तोच शिक्का मारला. म्हणाला, “सर, ही गाडी ड्रायव्हरकडून शिकते. चिरंजीव घाटात दामटतात, तुम्ही हळू चालवता. गिअरबॉक्स कन्फ्यूज होतो. लर्निंग पुसून टाकू.” मला पटलं. मुलाला मी दोन रविवार चावी दिली नाही, आणि त्या दोन्ही सोमवारी गाडी सरळ चालली! एवढा पुरावा मिळाल्यावर कोण वेगळा विचार करेल?

लर्निंग पुसलं. बिल झालं. त्यानंतर तीन दिवस दुसऱ्यातून तिसरा पडताना पोवई नाक्याला असा हिसका बसायचा की मागे बसलेली आमची आई म्हणाली, “रिक्षा बरी होती.” चौथ्या दिवशी हिसका गेला. मुलाची शिक्षा संपली, रविवारी तो कासला गेला, आणि सोमवारी चौथा गिअर पुन्हा घोंगावायला लागला.

इथे थांबून गाडी नक्की काय शिकते ते समजून घ्यायला हवं. मी ते उशिरा समजून घेतलं.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तसा जुना आहे. जनरल मोटर्सचा हायड्रामॅटिक १९३९ मध्ये आला तेव्हापासून कित्येक दशकं गिअर कधी बदलायचा ते तेलाचा दाब आणि स्प्रिंगा ठरवत. त्याला शिकण्याचं अंग नव्हतं. पुढे कॉम्प्युटर आला, आणि मित्सुबिशीने १९९२ च्या गॅलंटमध्ये फझी लॉजिक (‘हो-नाही’ऐवजी ‘थोडं-जास्त’ असा अंदाज करणारं गणित) वापरून रस्ता नि ड्रायव्हर बघून गिअर ठरवणारी यंत्रणा दिली. आज आपल्याकडच्या साध्या ऑटोमॅटिक गाडीतही तिची नातवंडं आहेत. पण ‘गाडी शिकते’ हे जे आपण एका शब्दात उरकतो, त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गॅरेजमधला निम्मा घोळ त्या एकत्र केल्यामुळे होतो.

पहिली गोष्ट म्हणजे क्लच भरण्याचं माप. गिअरबॉक्समध्ये क्लचच्या पातींचे जुडगे असतात. त्यांना दाबणारा पिस्टन, आणि पिस्टनमागे तेल. गिअर बदलताना एक जुडगा सुटतो आणि त्याच क्षणी दुसरा धरतो. विहिरीवर एकीने दुसरीच्या डोक्यावर भरलेला हंडा ठेवावा तसं. पहिलीने हात लवकर काढला तर हंडा लडबडतो. इथे त्याचा अर्थ असा की क्षणभर दोन्ही क्लच सुटलेले असतात, इंजिन मोकळं पळतं आणि काटा उडतो. पहिलीने उशिरा सोडला तर दोघींची ओढाताण होते. गाडीत तो झटका. पिस्टन पातींना टेकेपर्यंत नेमकं किती तेल, किती दाबाने, किती वेळ भरायचं हे प्रत्येक गाडीत थोडं वेगळं असतं, आणि पाती झिजतात तसं ते बदलत जातं. गिअरबॉक्सच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या शाफ्टचा वेग मोजणारे सेन्सर असतात. प्रत्येक बदलाला कॉम्प्युटर बघतो की काटा उडाला की ओढाताण झाली, आणि पुढच्या वेळचं माप केसभर इकडेतिकडे करतो. हे माप साठवून ठेवलेलं असतं, गाडी बंद केली तरी जात नाही. ते हळूहळू बनतं आणि हळूहळूच बदलतं. शिवाय कॉम्प्युटर ते वाटेल तेव्हा शिकत नाही. तेल पुरेसं तापलेलं हवं, पाय स्थिर आणि हलका हवा.

आमच्या सल्लागाराने पुसलं ते हे. पाच वर्षं बसवलेलं माप गेलं आणि आईला रिक्षा आठवली.

दुसरी गोष्ट म्हणजे गिअर *कधी* बदलायचा याची निवड. कॉम्प्युटरकडे पाय किती दाबलाय आणि गाडीचा वेग किती, या दोहोंवरून गिअर ठरवणारे तक्ते असतात. एक निवांत चालवण्याचा, एक जोरात चालवण्याचा, एक चढाचा, एक उताराचा, असे. तुम्ही पाय किती झपकन दाबता, किती वेळा ब्रेक मारता यावरून तो एका तक्त्यावरून दुसऱ्यावर सरकतो. पण ही आठवण फार छोटी असते. बहुतेक गाड्यांत काही मिनिटं शांत चालवलं की ती निवळते. रविवार संध्याकाळची धुंदी सोमवारी सकाळी उरायचं कारण नाही. म्हणजे ‘पोराने गाडीला वाईट सवय लावली’ हे जे आपण सर्रास म्हणतो, ते टॉर्क कन्व्हर्टर गाडीत जवळजवळ कधीच खरं नसतं. मुलाने गाडी हाणली तर टायर झिजतील, पेट्रोल जाईल, तुमचा रक्तदाब वाढेल. गिअरबॉक्स मात्र हाणामारी विसरतो.

मग सोमवारी काय शिल्लक राहत होतं?

चढाचा तक्ता कसा निवडला जातो त्यात याचं उत्तर होतं. काही गाड्यांत गाडीचा कल सांगणारा सेन्सर असतो. ज्यांत नसतो किंवा वापरत नाहीत, त्यांत चढ हिशेबाने काढला जातो. इंजिन सांगतं की मी एवढा जोर लावतोय. कॉम्प्युटरला माहीत असतं की एवढ्या वजनाची गाडी एवढ्या जोरावर सपाट रस्त्याला किती वेगाने पुढे सरकायला हवी. तेवढी सरकली नाही तर तो समजतो की चढ आहे. मग वरचा गिअर उशिरा टाकतो, खालचा लवकर टाकतो. खंबाटकीत किंवा पसरणीच्या घाटात हे वरदान आहे, नाहीतर तिसरा-चौथा-तिसरा अशी गिअरची फुगडी चालते.

या हिशेबात एक फट आहे. गाडी मागे कशामुळे ओढली जातेय ते त्याला दिसत नाही. घाट असो, पाच माणसं नि डिकीत तांदळाचं पोतं असो, टायरमधली हवा उतरलेली असो, किंवा एखादं चाक ब्रेकने धरलेलं असो, कॉम्प्युटरच्या लेखी सगळा चढच.

हा आकडा किती छोटा असतो ते बघा. १३०० किलोची गाडी दर १०० मीटरला अडीच मीटर चढणाऱ्या रस्त्यावर असेल तर तिला मागे खेचणारा जोर साधारण ३२ किलो वजनाएवढा भरतो. साखरेच्या ५० किलोच्या पोत्यापेक्षा कमी. एक मागचं चाक थोडं धरलेलं असेल तर एवढी ओढ सहज येते. ड्रायव्हरला ते जाणवतही नाही, कारण आपला पाय नकळत थोडा जास्त दाबला जातो. आणि पाय जास्त दाबला की तेही कॉम्प्युटर ‘साहेबांना घाई आहे’ म्हणून वाचतो.

हे शहाणपण मला नंतर आलं. छडा लागला तो हवेच्या दुकानात. एका सोमवारी संध्याकाळी हवा भरायला थांबलो. तिथला पोरगा मागच्या डाव्या चाकापाशी बसला आणि उठलाच. “काका, ह्ये चाक लई गरम लागतंय. बाकीची गार हायत.” हात जवळ नेला तर धग. ब्रेक लायनर करणाऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडी जॅकवर घेतली, चाक हाताने फिरवलं; ते घासत घासत अर्धा फेरा जाऊन थांबलं. ड्रम खोलला तर लायनर चिकटलेले, कडेने जळका वास. चिकटले होते कारण हॅन्डब्रेकची केबल आत गंजली होती. ओढली की जायची, सोडली की पूर्ण परत यायची नाही. आतली तार अडकून राहायची. डॅशबोर्डवरचा हॅन्डब्रेकचा दिवा दांडीवर चालतो, दांडी खाली गेली की तो विझतो. तार परत आली की नाही हे त्याला कोण सांगणार?

आता रविवारचा संबंध कळला असेल. मी घरी सपाट जागेवर गाडी लावतो, ‘पी’ला (पार्किंगला) टाकतो, निघतो. हॅन्डब्रेकला हात लावत नाही. मुलगा कासच्या वाटेवर उतारावर गाडी लावून भजी खायला उतरतो, म्हणून दांडी कचकचून ओढतो. तार अडकते. तो तसाच खाली येतो. सोमवारी मी ते धरलेलं चाक घेऊन निघतो. खड्ड्यांचे दणके खात दोन-तीन दिवसांत तार हळूहळू मागे सरकते आणि गुरुवारी गाडी ‘आपोआप’ बरी होते. गिअरबॉक्सचा हिशेब पहिल्या दिवसापासून बरोबर होता. कुणीतरी गाडीला मागे ओढत होतं, आणि तो तेच सांगत होता.

तुमच्या गाडीतही सपाटीला चढाचं नाटक चालत असेल तर स्कॅनरच्या आधी हे करून बघा. दहा-बारा किलोमीटर शक्यतो ब्रेक न मारता चालवा, थांबा, आणि चारही चाकांच्या रिमजवळ तळहाताची मागची बाजू न्या. टेकवू नका, खरंच भाजतं. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम असेल तर शोध तिथेच संपला. नाही कळलं तर सपाट फरशीवर गाडी ‘एन’ला (न्यूट्रलला) टाका, ब्रेक सोडा आणि एकाने गाडीत बसून दुसऱ्याने ढकलून बघा. छोटी गाडी धडधाकट माणसाला एकट्याला हलवता यायला हवी. आणि ॲव्हरेज बघा. माझ्या गाडीचं सोमवारचं ॲव्हरेज दर वेळी पडलेलं होतं, मीटर ते ओरडून सांगत होता, मी ते गिअरबॉक्सच्या नावावर टाकत होतो.

रस्त्यावर तपासायचं असेल तर जाऊन-येऊन तपासा. आपल्या भागातला ‘सपाट’ रस्ता फसवा असतो. साताऱ्याहून कराडकडे जाताना एकूणात उतारच आहे, कृष्णा उगीच तिकडे वाहत नाही. त्यामुळे जाताना एक गिअर आणि येताना दुसरा दिसला तर तो दोष नव्हे. जाताना उतारालाही गाडी खालच्या गिअरला चिकटून राहत असेल तर संशय घ्या.

चाकं गार निघाली तर पुढचा संशय इंजिनवर. कारण सगळा हिशेब इंजिनने सांगितलेल्या जोरावर उभा आहे, आणि इंजिन कधीकधी थापा मारतं. टर्बो गाडीत हवेचा पाइप थोडा फाटला किंवा हवा मोजणारा सेन्सर धुळीने माखला की इंजिन सांगतं एक आणि देतं दुसरंच. मग गिअरबॉक्सला पुन्हा चढ दिसतो. शिवाय क्लच दाबायला किती दाब हवा हेही तो त्याच आकड्यावरून ठरवतो, म्हणून झटकेही बसतात. अशा वेळी गिअरबॉक्स उघडणाऱ्याला आधी एअर फिल्टर दाखवायला सांगा.

खराब तेलाचं लक्षण याहून वेगळं असतं. हलक्या पायाने चाळीस-पन्नासच्या वेगाला बारीक थरथर, दगडी पट्ट्यांवरून गेल्यासारखी. टॉर्क कन्व्हर्टरमधला क्लच नीट न धरता घसरत-पकडत असला की असं होतं. तेल त्याच प्रतीचं हवं, आणि पातळी तपासायची ती तेलाच्या ठरलेल्या तापमानाला, कंपनीच्या पद्धतीने. ‘लाइफटाइम तेल आहे, बदलायची गरज नाही’ हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने उन्हाळ्यात पाच माणसं घेऊन पसरणी चढलेली नसावी, असं माझं मत. तेल जळकट वासाचं, काळपट झालेलं असेल तर तिथे लर्निंग पुसून काहीच होणार नाही.

बॅटरी मरायला टेकलेली असेल तरी गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर चक्रावतो, पण तेव्हा दिवे नि कोड भरपूर येतात, कोडं राहत नाही.

एएमटीवाल्यांनी (ऑटोमेटेड मॅन्युअल गाडीवाल्यांनी) वरचं सगळं जसंच्या तसं लागू करू नये. आपल्याकडे २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओपासून ही गाडी घरोघरी पोचली. तिच्यात साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि साधा क्लच असतो, फक्त तो पायाऐवजी मोटर किंवा हायड्रॉलिकने दाबला जातो. तिथे शिकायची मुख्य गोष्ट म्हणजे क्लच कुठे धरायला लागतो ती जागा. क्लचप्लेट बदलली आणि स्कॅनरने लर्निंग केलं नाही तर गाडी सुटताना बेडकासारखी उडी मारते. तेव्हा ‘प्लेट नवी आहे, बसेल हळूहळू’ हे उत्तर घेऊ नका. ड्युअल क्लच (एकाआड एक गिअरांना दोन वेगळे क्लच असलेली), त्यातही कोरड्या, म्हणजे तेलात न बुडालेल्या क्लचच्या गाडीला राजवाड्यापाशी गर्दीच्या वेळी इंचाइंचाने सरकवत नेणं हाच छळ आहे. पुढे दोन गाड्यांची जागा होऊ द्या, मग सुटा.

लर्निंग पुसायचं कधी? क्लचचे जुडगे, व्हॉल्व्ह बॉडी (तेलाची वाट नि दाब ठरवणारा भाग) किंवा गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर बदलला तर, किंवा कंपनी सांगेल तेव्हा. दुखणं सापडलं नाही म्हणून पुसणं म्हणजे ताप मोजता येत नाही म्हणून थर्मामीटर फोडणं. पुसलंच असेल तर गावात फिरवून शिकवू नका. पहाटे हायवेला न्या, वीस-पंचवीस मिनिटं चालवून तेल तापू द्या, मग हलक्या, एकसारख्या पायाने पहिल्यापासून सहाव्यापर्यंत गिअर चढू द्या. मागे गाडी नसेल तर सर्व्हिस रोडला येऊन पाय सोडून हळूहळू थांबेपर्यंत वेग उतरू द्या. आठ-दहा वेळा. मी हे केलं असतं तर पोवई नाक्यावरचे तीन दिवस वाचले असते.

आणि घाटात काही गोष्टी बिघाड नसतातच. कासहून यवतेश्वरच्या वळणांनी खाली येताना ब्रेक मारला की गाडी खालचा गिअर टाकते, इंजिन मोठ्याने बोलतं. ती तुमचे ब्रेक वाचवतेय, बोलू द्या. चढाला दोन गिअरांत खेळ चाललाच तर मॅन्युअल मोडला तिसरा धरून ठेवा. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे. तिथे हवा विरळ, बिनटर्बोच्या इंजिनाचा दम कमी पडतो आणि गाडी खालच्या गिअरला जास्त राहते. खाली वाईत आल्यावर तेच चालू राहिलं तर बोलू.

केबल आणि मागचे लायनर बदलले, ड्रम साफ केला. मिस्त्रींनी जुनी केबल हातात दिली आणि विचारलं, “सर, हॅन्डब्रेक वापरत नव्हता का कधी?” म्हटलं, ऑटोमॅटिक आहे, ‘पी’ला टाकतो की. ते म्हणाले, “म्हणूनच गंजली. न वापरलेली केबलच धरते. तुमच्या मुलानं ओढली म्हणून निदान कळलं तरी.”

मुलगा शेजारीच उभा होता. काही बोलला नाही, ते जास्त लागलं.

आता घरी सपाटीलाही आधी पायाचा ब्रेक, मग ‘एन’, मग हॅन्डब्रेक, मग पाय सोडून गाडी बसू द्यायची आणि शेवटी ‘पी’. असं केल्याने गाडीचा भार गिअरबॉक्स अडकवून ठेवणाऱ्या ‘पी’च्या बारीक दातावर येत नाही, सकाळी ‘पी’तून काढताना होणारा खट्ट आवाजही गेला. मुसळधार पावसातून आल्यावर तेवढी दांडी जास्त वेळ ओढून ठेवत नाही, ओल्या ड्रमला लायनर रात्रभर चिकटून बसतात. परवा मुलगा पुन्हा कासला जाऊन आला. सोमवारी नागठाण्यापर्यंत काटा १७०० ला होता.